जुनी हत्यारे कोणाच्या हाती?

गेल्या काही वर्षांत शहरांतल्या पैसेवाल्या घरांत एक नवी हौस शिरली आहे. जुने लाकडी रंधे, पितळी पट्टीच्या करवती, गिरमिटे, कापड गिरण्यांतले धोटे विकत आणायचे, त्यांना पॉलिश मारायचे आणि दिवाणखान्यात मांडून ठेवायचे. काही हॉटेलांत तर ती भिंतीला ठोकलेली दिसतात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशी वस्तू घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘किती जुनी आहे?’ ती चालते का, धार धरते का, हे तो विचारत नाही. ती कोणाच्या हातात झिजली, हा प्रश्न तर त्याच्या मनातही येत नाही.

आम्हीही जुनी हातहत्यारे जमवतो. कोर्टाचे काम संपल्यावर आणि रविवारी घराच्या गॅलरीत एका जाड फळीला शिकंजा बसवून आम्ही लाकूडकाम करतो. घरातली पुस्तकांची फडताळे, मुलांचे अभ्यासाचे टेबल आणि वस्तीतल्या वाचनालयाची दोन बाके त्या गॅलरीत तयार झाली आहेत. म्हणून या हौसेला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जुने हत्यार जमवावे ते वापरण्यासाठी. आणि आपल्या समाजाने तर ते जरूर जमवावे. का, ते सांगतो.

आधी ही हत्यारे आली कुठून ते पाहू. इंग्रजी अमलात इथे रेल्वेचे कारखाने, गोद्या आणि कापड गिरण्या उभ्या राहिल्या. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा परळचा कारखाना १८७९ चा. अशा ठिकाणी फिटर, सुतार, पॅटर्नमेकर यांच्यासाठी इंग्लंडातल्या शेफील्ड शहरातून पटाश्या, करवती आणि कानशी येत. अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये लिओनार्ड बेली या कारागिराची पेटंटे विकत घेतली आणि बिडाचा, पितळी चाकीने पाते खालीवर करता येणारा रंधा जगभर पोचवला. शेफील्डच्या रेकॉर्ड छापाचे तसेच रंधे १९३१ पासून निघू लागले. आजही बाजारातला बिडाचा साधा रंधा बहुधा त्याच नमुन्यावर बेतलेला असतो. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रे भंगारात गेली, त्यांच्या मागोमाग खात्याखात्यांतली हातहत्यारेही गेली. आज चोरबाजारात जे ‘अँटिक’ म्हणून विकले जाते, त्यातले बरेचसे हे असे उजाडलेल्या कारखान्यांचे सामान आहे.

ही हत्यारे जुनी आहेत म्हणून चांगली, असे समजण्याचे कारण नाही. ती दुरुस्त होतात, हा त्यांचा खरा गुण. प्लॅस्टिक मुठीची आजची स्वस्त करवत घ्या. तिचे दात विजेच्या उष्णतेने इतके कडक केलेले असतात की त्यांवर कानस चालत नाही. बोथट झाली की फेकायची आणि नवी आणायची. जुन्या करवतीला तिकोनी कानशीने धार काढता येते, दातांना एक डावीकडे एक उजवीकडे अशी फाक देता येते, आणि ती पुन्हा वीस वर्षे चालते. पटाशीचेही तेच. मूठ फुटली तर बाभळीची किंवा शिसवाची नवी बसवा. पाते शाबूत आहे तोवर पटाशी मरत नाही.

घ्यायचे कसे, तेही सांगतो. रंधा घेताना तो उलटा करून पाते जिथून बाहेर येते त्या फटीजवळ बिडाला तडा आहे का ते पाहावे. तडा असेल तर तो परत ठेवावा. तळावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावे. तळ फार वाकलेला असेल तर नाद सोडावा. पाते किती उरले आहे आणि त्याच्या पाठीवर धारेजवळ गंजाचे खड्डे आहेत का, हे तपासावे. वरवरच्या गंजाला भिऊ नये. सुटे केलेले लोखंडी भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, सकाळी ब्रशने घासले, सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे केले आणि तेलाचा हात दिला की गंज जातो. नंतर जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून पात्याची पाठ सपाट करावी. धारेचा उतार २५ अंशांचा ठेवावा आणि टोकाशी तो ३० अंशांवर दगडावर घासावा. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक कड लागली म्हणजे धार आली. ती कड पाठीकडून हलकेच काढून टाकावी. अशा पात्याने सागाची साल कागदासारखी पातळ निघते. हे शिकायला गुरूच्या घरी जन्म घ्यावा लागत नाही. पंधरा रविवार पुरतात.

इथे आपल्याकडच्या एका जुन्या ढोंगाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहायचे, फुले घालायची आणि वर्षभर त्या हत्यारांवर पोट भरणाऱ्याला मात्र खालच्या पायरीवर उभे करायचे, ही आपल्या समाजव्यवस्थेची रीत. हळदकुंकवाने गंज जात नाही. उलट ओल्या फुलांनी तो चढतो. हत्याराचा मान राखायचा तर त्याला धार लावावी, तेल द्यावे, कोरड्या जागी ठेवावे आणि ते चालवणाऱ्याला माणूस म्हणून बरोबरीने वागवावे.

गावगाड्यात हत्यारे जन्माने वाटलेली होती. वाकस, किंकरे आणि रंधा सुताराचा. ऐरण आणि भाता लोहाराचा. रापी आणि आरी चांभाराची. महाराच्या हाती काठी, आणि गावाची लाकडे फोडण्यापुरती कुऱ्हाड. सुताराच्या मुलाला रंधा नको असला तरी तो घ्यावा लागे, आणि महाराच्या मुलाला हवा असला तरी कोणी देत नसे. हातात कला असलेला सुतार-लोहारही बलुत्याच्या चार पेंढ्यांसाठी पाटलाच्या खळ्यावर उभा राही, हे बहुजन बांधवांनी विसरू नये. जातिव्यवस्था म्हणजे नुसती श्रमांची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे आणि तीत माणसाच्या आवडीला जागा नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये दाखवून दिले.

गिरण्या आल्या, यंत्र आले, म्हणून हे लगेच संपले असेही नाही. आता दिवाणखान्यात मेणबत्ती लावायला जो धोटा ठेवतात, त्याचीच गोष्ट घ्या. मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, असे म्हणून स्पृश्य कामगारांनी विणकाम खात्यात अस्पृश्यांना येऊ दिले नाही. पगार जास्त होता तो त्याच खात्यात. एक वितीएवढ्या लाकडी धोट्याने आपल्या माणसांची कमाई अडवून धरली होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. आज तोच धोटा ‘व्हिंटेज’ झाला आहे आणि त्याच्यावर हा इतिहास लिहिलेली चिठ्ठी नाही. आमच्याकडे असा एक धोटा आहे. घरी येणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही तो हातात देतो आणि ही गोष्ट सांगतो.

यावर आमचेच काही मित्र एक आक्षेप घेतात. ते म्हणतात, ‘वकीलसाहेब, बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडायला सांगितले, यंत्राची बाजू घेतली, चरख्याला विरोध केला. आपली पोरे कॉम्प्युटरवर बसायला लागली आणि तुम्ही त्यांच्या हाती रंधा काय देता?’ आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली ती कशासाठी? १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांचा युक्तिवाद असा आहे की, माणूस दिवसभर पोटासाठी राबत राहिला तर तो पशूच्या पातळीवर राहतो. संस्कृतीसाठी फुरसत लागते आणि ती फुरसत यंत्र देते. आता विचार करा. पोटासाठी हातमाग चालवायला कोणी भाग पाडणे वेगळे आणि पोटाची सोय झाल्यावर उरलेल्या वेळात आपल्या आवडीने रंधा उचलणे वेगळे. पहिल्यात जन्माची सक्ती आहे, दुसऱ्यात फुरसतीचे स्वातंत्र्य आहे. आपल्या आजोबांना ना फुरसत होती ना निवड. आपल्याला ती मिळाली आहे. ती सगळी टीव्ही आणि मोबाईलच्या पायी घालवायची, की तिच्यातून हाताला नवे काही शिकवायचे, एवढाच प्रश्न आहे. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलालाही मशीनवर नेण्याआधी हातात कानस देतात आणि लोखंडाचा तुकडा काटकोनात घासायला लावतात. गुण्या लावून उजेड दिसेनासा झाला म्हणजे काम जमले. हातकाम आणि यंत्र यांचे वैर नाही, हे तिथल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळते.

हत्याराचा आणि स्वातंत्र्याचा संबंध कायद्यानेही ओळखला आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० प्रमाणे हुकूमनाम्याच्या वसुलीत कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांच्या जोडीला कायद्याने हत्यारांना बसवले आहे. हातउसन्या कर्जापोटी सुताराची किंवा गवंड्याची पेटी उचलून नेण्याची धमकी देणारे लोक वस्त्यांमधून फिरतात. कोर्टाचा बेलिफ ज्या पेटीला हात लावू शकत नाही, तिला यांनी हात लावायचा अधिकार कोणी दिला, हे कारागिराने ठणकावून विचारले पाहिजे.

सरकारही हत्यारे वाटते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. गरीब कारागिराला ती मिळालीच पाहिजे. आमची हरकत त्या योजनेतल्या कुटुंबपरंपरागत व्यवसायाच्या आणि गुरू-शिष्य परंपरेच्या भाषेला आहे. तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच मुद्द्यावर ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. हत्यार घराण्याकडे पाहून द्यायचे ठरले तर गावगाडाच सरकारी शिक्क्यानिशी परत येतो. शिकायची तयारी हीच हत्यार मिळण्याची अट असली पाहिजे. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ मध्ये १९७३ साली कलम ३-अ घालून अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी जागा राखून ठेवल्या, त्या याच विचाराने. ज्यांच्या घरात हत्यार नव्हते त्यांच्यासाठी कारखान्याचे दार त्या कलमाने उघडले.

मग आपण काय करायचे? इंग्लंडात दोन चांगली उदाहरणे आहेत. शेफील्डमध्ये केन हॉली नावाच्या हत्यारांच्या दुकानदाराने आयुष्यभर हत्यारे जमवली. अर्धवट घडलेले नग, कंपन्यांच्या जुन्या याद्या आणि घडवणाऱ्यांच्या कामाची माहितीसुद्धा. तो संग्रह आज तिथल्या केल्हॅम आयलंड संग्रहालयात आहे आणि एक हत्यार किती हातांतून तयार होते, हे तो सांगतो. ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’ या दुसऱ्या संस्थेने लोकांच्या अडगळीतली हातहत्यारे गोळा केली, स्वयंसेवकांकडून दुरुस्त करून घेतली आणि आफ्रिकेतल्या कारागिरांना पाठवली. एकाने नोंद ठेवली, दुसऱ्याने हत्यार पुन्हा हाती दिले. आपल्याला दोन्ही करता येईल.

आमची सूचना साधी आहे. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे, कुठे वाचनालय आहे. तिथे पुस्तकांच्या कपाटाशेजारी हत्यारांचे एक कपाट उभे करावे. गिरणीत, रेल्वेत, गोदीत काम केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या घरी माळ्यावर एखादा पाना, हातोडा, कानस, गुण्या पडलेला असतो. तो भंगारवाल्याला किलोवर घालू नका. साफ करा, धार लावा, कपाटात ठेवा. पुस्तक देतात तसे हत्यार नोंद करून घरी न्यायला द्या. वहीत हत्याराचे नाव लिहा आणि शेजारी ते चालवणाऱ्याचे नाव, त्याचे खाते, त्याची वर्षे लिहा. निवृत्त फिटर आणि सुतार मंडळींना रविवारी दोन तास बोलवा. ती आनंदाने येतील. मुलींना पहिल्या रांगेत बसवा, कारण बाईच्या हाती करवत द्यायची नाही हाही त्याच व्यवस्थेचा नियम आहे.

श्रीमंतांच्या भिंतीवरची हत्यारे आपण उतरवू शकत नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्या माळ्यावरची हत्यारे खाली उतरवणे मात्र आपल्या हातात आहे. येत्या रविवारी माळा झाडायला घ्या आणि जे सापडेल ते घेऊन वस्तीच्या वाचनालयात या. तेल आणि धारेचा दगड आम्ही आणतो.