ग्रहणाची आकृती व तिची उलटतपासणी

ग्रहण आमच्या शाळांतून शिकविले जात नाही, अशी तक्रार कोणासही करता यावयाची नाही. सूर्य, चंद्र व पृथ्वी ही तीन वर्तुळे एका ओळीत मांडलेली आकृती पुस्तकात असते; मुले ती वहीत उतरवितात, परीक्षेत काढतात व पुरे गुण मिळवितात. आमची हरकत एवढीच की, या आकृतीची उलटतपासणी वर्गात सहसा होत नाही. तिच्यावरून पाहता चंद्र दर अमावास्येस सूर्याच्या आड यावयास हवा. मग दर अमावास्येस ग्रहण का होत नाही? असे विचारणाऱ्या मुलास ‘पुस्तकात आहे तेवढे लिही’ हेच उत्तर मिळाले, तर आजीने सांगितलेली राहूची कथा त्यास अधिक सयुक्तिक वाटेल, आणि त्यात त्याचा दोष नाही.

वास्तविक उत्तर अवघड नाही. पृथ्वी म्हणून ४ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू घ्यावा. मग चंद्र म्हणजे १ सेंटिमीटरची गोटी, व तिची जागा चेंडूपासून सुमारे १२० सेंटिमीटरांवर. सूर्य या मापाने सव्वाचार मीटरांहून मोठा व सुमारे ४७० मीटर दूर, म्हणजे बहुधा पेठेच्या दुसऱ्या टोकास! हे फळ्यावर मावणार नाही; यास्तव पुस्तकातील आकृती प्रमाणशीर नाही, हे शिक्षकाने प्रथमच सांगून टाकावे. नंतर तीच आकृती बाजूने पाहिल्याप्रमाणे काढवून घ्यावी. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे आपली गोटी कधी दहा सेंटिमीटर वर, तर कधी तितकीच खाली असते, व बहुतेक अमावास्यांस तिची छाया चेंडूस चुकवून जाते. दोन्ही कक्षांच्या पातळ्या जेथे छेदतात त्या पातबिंदूंजवळ अमावास्या आली, तरच सूर्यग्रहण. आणि राहू व केतू ही आमच्या गणितज्योतिषात याच दोन बिंदूंची नावे होत! आजीचा राहू असा फळ्यावर सापडतो. त्यास हसण्याचे कारण नाही, त्याची जागा दाखविली म्हणजे झाले.

ही विद्या परकी आहे असेही कोणी म्हणू नये. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ग्रहणाचे कारण छाया हेच सांगितले. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण पाहण्यास सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेची मंडळी आली, तेव्हा पुण्याचे प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपली यंत्रे तेथेच मांडली होती. असे असता १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणास मोठमोठ्या शहरांतील रस्ते ओस पडले!

२ ऑगस्ट २०२७ च्या आषाढी अमावास्येस, सोमवारी दुपारनंतर, मुंबई-पुण्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. त्या दिवशी शाळांनी सुटी देऊ नये. नुसत्या डोळ्यांनी वा काजळी धरलेल्या काचेतून मुलांस सूर्याकडे मुळीच पाहू देऊ नये. पुठ्ठ्यास टाचणीने भोक पाडून सूर्याचे कोरलेले बिंब भिंतीवर पाडून दाखवावे. आषाढाच्या ढगांनी आडकाठी केलीच, तर चेंडू, गोटी व सव्वा मीटर सुतळी वर्गात तयार असावी.