पाणचक्कीचा शोध आणि गांवचें दप्तर

छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्की पाहिली नाहीं असा शेतकरी मराठवाड्यांत विरळाच. कोर्टकचेरीच्या किंवा लग्नकार्याच्या निमित्तानें शहरांत गेलेला मनुष्य घटकाभर तेथें जातो, हौदाच्या कांठीं बसतो आणि परततो. परंतु तें पाणी कोठून येत असे, कोणाच्या जमिनीखालून येत असे आणि तें आणण्याचा हक्क कोणीं कोणास दिला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें हा प्रश्न शेतकऱ्यानेंच विचारावयास हवा. कारण जुन्या चक्कीचा इतिहास म्हणजे गांवच्या पाण्याच्या वांटणीचा इतिहास होय.

प्रथम पाणचक्कीविषयीं थोडें सांगतों. खाम नदीच्या कांठीं बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे व त्याच्या आवारांत ही चक्की आहे. उत्तरेकडील डोंगरांतील झऱ्याचें पाणी जमिनीखालून खापरी नळांनीं आणून एका उंच भिंतीवर चढविलें आणि तेथून तें धारेनें खालीं सोडलें. त्या धारेच्या जोरानें पात्यांचें आडवें चाक फिरे आणि त्याच्या उभ्या आंसावर बसविलेलें जातें दळूं लागे. यांत दंतचक्राची गरजच नाहीं. चाकाचा एक फेरा तो जात्याचा एक फेरा. हिमालयांतील ‘घराट’ नांवाच्या चक्क्या याच जातीच्या आहेत. चक्कीवर यात्रेकरूंसाठीं व आश्रितांसाठीं धान्य दळलें जाई आणि पाणी वायां न जातां हौदांत सांठे. त्या हौदाचा तळ हेंच खालच्या विस्तीर्ण दालनाचें छत होय.

पुष्कळ लोक ही चक्की मलिक अंबरानें बांधली असें सांगतात. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी शहर वसविलें व तेथें नहर आणली हें खरें. जमिनीच्या धाऱ्याच्या व्यवस्थेमुळें त्याचें नांव महसूल खात्यांतहि आदरानें घेतलें जातें. परंतु तो १६२६ सालीं वारला. चक्की व आसपासच्या इमारती निजाम-उल्-मुल्क आसफजाह याच्या पदरचा सरदार तुर्कताज खान यानें बांधविल्या असें गॅझेटिअरांत नमूद आहे, म्हणजे काम अठराव्या शतकांतलें. एवढ्या प्रसिद्ध चक्कीविषयीं जर लोकांचा शंभर वर्षांचा घोटाळा होतो, तर एखाद्या ओढ्याकांठच्या बिननांवाच्या चक्कीचा काय पाड?

असा घोटाळा कशानें मिटतो? आमचें उत्तर एकच : जेथें कर किंवा खंड बसला तेथें नोंद झाली, आणि जेथें नोंद झाली तेथेंच इतिहास उरला. इंग्लंडांत १०८६ सालीं विल्यम राजानें जमिनीची मोजदाद करविली. तींत सुमारें ६,००० चक्क्यांची नोंद सांपडते. कारण प्रत्येक चक्की ही उत्पन्नाची बाब होती. पुढें शंभर वर्षांनीं, ११८५ सालीं, त्याच देशांत यॉर्कशायरमधील वीडली येथील पवनचक्कीचा उल्लेख येतो. तिचें वर्णन कोणा कवीनें लिहून ठेवलें म्हणून ती आज ठाऊक आहे असें नाहीं. तिचा वार्षिक खंड ८ शिलिंग होता एवढी ओळ जमिनीच्या यादींत राहिली, म्हणून ती ठाऊक आहे. हॉलंडांत किंडरडाईक येथें १७४० च्या सुमारास उभारलेल्या पवनचक्क्या सखल शेतांतील पाणी उपसून टाकीत. तेथें १९ चक्क्या अद्याप उभ्या आहेत. त्यांचा कारभार जमीनधारकांच्या पाणीमंडळांकडे असे.

आपल्या देशांतहि असें उदाहरण आहे. कांगडा जिल्ह्यांत डोंगरी पाटांस ‘कूहल’ म्हणतात. त्यांच्या पाण्याच्या वहिवाटी जमाबंदीच्या काळीं ‘रिवाज-इ-आबपाशी’ या नांवानें लिहून ठेवल्या गेल्या. त्याच पाटांवर घराट चालत आणि त्याच पाटांवर भातशेती भिजे. एकाच पाण्याचे हे दोन धनी. तेव्हां कोणी केव्हां पाणी घ्यावें हें लिहून ठेवणें भागच होतें.

आतां एक कबुली देतों. आम्हीं सारी हयात महसुली दप्तरांत काढली. दप्तरांत कागदांचे वर्ग असतात. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवावयाचे, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षें. नोकरीच्या आरंभीं मुदत संपलेल्या कागदांची यादी करण्याचें काम आमच्याकडे आलें. त्यांत एका गांवच्या ओढ्याविषयींचे जबाब होते, अक्षर मोडी. कचेरींत तें कोणास वाचतां येईना. आम्हीं ‘किरकोळ जुने कागद’ असा शेरा मारला आणि तो रुमाल रद्दींत गेला.

कांहीं वर्षांनीं त्याच गांवीं ‘चक्कीचा पाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चरावरून दोन खातेदारांत तंटा जुंपला. वरचा म्हणे, पाट केवळ चक्कीसाठीं होता. चक्की बंद पडली तेव्हांच पाटाचें काम संपलें. खालचा म्हणे, दळण झाल्यावर पाणी पाळीनें आमच्या शेतांत उतरत असे. दोघांपाशींहि कागद नव्हता. दोघेहि आमच्याकडे नक्कल मागण्यास आले आणि दोघांसहि आम्हीं ‘कागद उपलब्ध नाहीं’ असें लेखी उत्तर दिलें. वकिलांच्या खर्चापायीं एकाला जमिनीचा तुकडा विकावा लागला. त्या रुमालांत दोघांपैकीं कोणाचें म्हणणें खरें ठरलें असतें हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण तो आमच्याच हातून गेला, ही रुखरुख निवृत्तीनंतरहि जात नाहीं.

कोणी म्हणेल, गांवोगांव विजेच्या गिरण्या झाल्या. मोडक्या तळ्या उकरून काय लाभ? दुसरा म्हणेल, जुनें उकरल्यानें नवी भांडणें लागतील. आमचा अनुभव उलट आहे. भांडण माहितीनें लागत नाहीं, माहिती नसल्यानें लागतें. पूर्वजांनीं पाणी कोणत्या उंचीवर अडविलें, किती अंतर नेलें आणि दुष्काळांत पाळी कशी लावली, हें कळलें तर आजच्या बंधाऱ्यासहि त्याचा उपयोग आहे.

शोध कसा करावा? आधीं पायांनीं, मग कागदांनीं. ओढ्याच्या कांठानें चालावें. जुना बंधारा, दगडी चर, पाणी पडण्याची जागा आणि जात्याचे दगड दिसल्यास मोजून ठेवावे. पाण्याची पडण किती फूट हें अवश्य लिहावें, कारण चक्कीचें बळ त्या पडणीवर व पाण्याच्या मानावर अवलंबून असतें. शेतांचीं जुनीं नांवें म्हाताऱ्यांकडून विचारून घ्यावींत. ‘चक्कीचा मळा’ हें नांव फुकट पडत नाहीं. नंतर गांवनकाशा व आकारबंद पाहावा. ज्या चरावर आकार बसला नाहीं तो पोटखराब्यांत दडलेला असतो. जुने फेरफार, इनामाचे कागद, मराठवाड्यांत उर्दू मुन्तखब, पश्चिम महाराष्ट्रांत मोडी दप्तर, हीं सर्व चाळावींत. वाचतां येत नाहीं म्हणून कागद टाकूं नये, वाचणारा शोधावा. आणि ऐकीव गोष्ट व लेखी नोंद हीं दोन निरनिराळ्या रकान्यांत लिहावीं. मलिक अंबराचा घोटाळा तेवढ्यानें टळेल.

सातारा जिल्ह्यांत चाळकेवाडीच्या पठारावर विजेच्या पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या जमिनींचे करार, मोबदल्याच्या पावत्या व नकाशे ज्या खातेदारांपाशीं असतील त्यांनीं तेहि जपावेत. नातवंडांस हाच जुना इतिहास होईल.

आमची मंडळीस विनंती आहे कीं, प्रत्येक सभासदानें येत्या उन्हाळ्यांत आपल्या शिवारांतील एका ओढ्याची पाहणी करून एक पानभर टिपण मासिकाकडे धाडावें आणि घरांतील जुन्या कागदांची नक्कल करून ठेवावी. पाणचक्कीच्या शहरांतील जुन्या नहरांपैकीं पुष्कळ आज निकामी झाल्या आहेत. नळ फुटतो तो दिसतो; कागद जातो तो दिसत नाहीं. आमच्या हातून गेला तो परत येणार नाहीं. वाचकांच्या पेटींत असेल तो तरी राहावा.