दुभाषी कोणाचा?

ज्या समाजाचा परराष्ट्रांशीं नित्य संबंध येतो, परंतु त्या राष्ट्रांच्या भाषा ज्याला येत नाहींत, त्या समाजाचे डोळे उघडे असले तरी दृष्टि उसनी असते. खारघरसारख्या सुशिक्षितांच्या वसाहतीस हें आज स्पष्टपणें सांगण्याची वेळ आली आहे. जवळच्या न्हावा-शेवा बंदरांतून १९८९ पासून देशोदेशींच्या मालाची ने-आण चालू आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरपासून तेथून विमानें उडूं लागलीं. त्या विमानतळाच्या परिसरांत परदेशी विद्यापीठांची एक नगरी वसविण्याचा संकल्प आहे. १४ जून २०२५ रोजीं ॲबरडीन, यॉर्क व वेस्टर्न ऑस्ट्रेलिया हीं विद्यापीठें, अमेरिकेची इलिनॉय टेक आणि इटलीची आय. ई. डी. ह्या पांच संस्थांस इरादापत्रेंही देण्यांत आलीं. जग आमच्या उंबऱ्याशीं आलें आहे. त्याच्याशीं त्याच्या भाषेंत बोलणार कोण, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं.

ह्या कामास उन्हाळ्याच्या सुट्टीसारखा दुसरा काळ नाहीं. पण त्या सुट्टीचें आम्ही करतों काय? मे महिना लागला कीं महाविद्यालयांतील वर्ग ओस पडतात आणि शिकवणीचे वर्ग गजबजतात. मुलगा बारावीचा असेल तर प्रवेशपरीक्षा. पदवीधर असेल तर परदेशच्या विद्यापीठांचे अर्ज आणि बँकेच्या कर्जाचे कागद. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकावयाचा तर तो लंडन-न्यूयॉर्कला जाऊनच, अशी समजूत मध्यमवर्गांत रूढ झाली आहे. उन्हाळा हा विद्येचा काळ नव्हे असें म्हणणाऱ्यांनीं पुण्याची वसंत व्याख्यानमाला आठवावी. न्यायमूर्ति रानड्यांच्या पुढाकारानें ती १८७५ सालीं सुरू झाली, आणि तीही ऐन उन्हाळ्यांत! अमेरिकेंत व्हर्मांट प्रांतीं मिडलबरी कॉलेज १९१५ सालापासून उन्हाळी भाषाशाळा चालवीत आहे. तेथें विद्यार्थी शिकावयाच्या भाषेवांचून अन्य भाषेंत न बोलण्याची प्रतिज्ञा करतो, आणि ओळीनें कांहीं उन्हाळे खर्ची घालून पदव्युत्तर पदवीही मिळवूं शकतो. जें तेथें शंभर वर्षांहून अधिक काळ साधलें, तें येथें कां साधूं नये?

यावर पहिला आक्षेप असा कीं, इंग्रजी आली म्हणजे जग आलें. आमची विद्या इंग्रजींतूनच झाली असल्यामुळें तिच्या द्वेषानें आम्ही बोलतों असें कोणी म्हणणार नाहीं. पण मॉस्को, बीजिंग किंवा तेहरान येथें जें बोललें जातें, तें इंग्रजीच्या वाटेनें आमच्यापर्यंत पोंचेतों दुसऱ्या कोणीतरी निवडलेलें व गाळलेलें असतें. दुसरा आक्षेप नवा आहे : आतां यंत्रच भाषांतर करतें, मग माणसानें कष्ट कशाला करावे? यंत्र भाषांतर करतें हें खरें. पण तें चुकलें हें ओळखणार कोण? १८८९ सालीं इटली व इथिओपिया यांच्यांत वुचालेचा तह झाला. परराष्ट्रव्यवहारांत इथिओपियानें इटलीची मध्यस्थी वाटल्यास घ्यावी, असा अर्थ अम्हारिक प्रतींत होता. घेतलीच पाहिजे, असा इटालियन प्रतींत. एका क्रियापदावरून वैर पेटलें, आणि त्याचा निकाल १८९६ सालीं अद्वाच्या रणभूमीवर लागला.

इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. ज्या जिल्ह्यांत खारघर आहे, त्याच जिल्ह्यांतील रायगडावर १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या वेळीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला. बोलणीं घडविणारा दुभाषी नारायण शेणवी हा आमच्याच मुलखाचा माणूस. पण तो होता कंपनीच्या पदरीं! त्या कंपनीनें पुढें काय केलें, हें सांगावयास नको. मराठ्यांच्या दरबारीं फारसी पत्रव्यवहारास पारसनीस होते, आणि शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश रचवून घेऊन स्वभाषेचा अभिमानही राखला. ह्या दोहोंत विरोध आहे ही कल्पना अलीकडची. भाषा आमच्या बुद्धीस झेपत नाहींत, ही सबबही लटकी आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पालीसाठीं सिंहलद्वीपास गेले आणि त्या विद्येच्या बळावर हार्वर्ड व लेनिनग्राडपर्यंत पोंचले.

सरकारी धोरण तरी कसें आहे? २०१९ च्या शिक्षणधोरणाच्या मसुद्यांत परभाषांच्या उदाहरणांत चिनी होती. २०२० च्या अंतिम धोरणांत ती गळाली. ज्या शेजाऱ्याशीं वितुष्ट, त्याची भाषा तर आधीं शिकावी! फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्रानें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताशीं कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यासाठीं तरुणांस जर्मन शिकविण्याची योजना निघाली. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. पण परक्याच्या घरीं कामास जाणाऱ्यानें त्याची भाषा शिकावी आणि त्याच्याशीं करार करणाऱ्यानें ती शिकूं नये, हा न्याय अजब आहे.

आमची मागणी मोठी नाहीं. खारघरच्या एखाद्या महाविद्यालयानें पदवीधरांसाठीं आठ आठवड्यांचा उन्हाळी वर्ग काढावा. सकाळीं एक परभाषा. दुपारीं त्या मुलखाचा इतिहास, अर्थव्यवहार व तहनामे. संध्याकाळीं तेथील वृत्तपत्र वाचून त्याचा मराठींत गोषवारा. मराठींत, हें आम्ही मुद्दाम म्हणतों. जें ज्ञान घरच्या भाषेंत उतरत नाहीं तें घराच्या उपयोगीं पडत नाहीं. अध्यापकांची वाण नाहीं. कलिन्यास मुंबई विद्यापीठाचे फ्रेंच, जर्मन व रशियन विभाग आहेत. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूंत विदेशी भाषांचें अध्यापन चालतें. आणि परदेशी संस्थांस जागा देतांना सिडकोनें एक अट घालावी, कीं त्यांनीं आपले वर्ग उन्हाळ्यांत येथील पदवीधरांस अल्प शुल्कांत खुले करावे. इटालियन संस्थेनें आमच्या मुलांस इटालियनही शिकवावी, हें मागणें कांहीं अवाजवी नव्हे.

पालकांनीं तरी ह्या मागणीस आपला आवाज द्यावा. त्यांच्याच मुलांमुलींतून नारायण शेणव्याच्या तोडीचे दुभाषी निघतील, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. ते कोणाच्या पदरीं राहतील, एवढेंच ठरावयाचें आहे.