शिळं पाणी कुणाचं?

हर्सूलमध्ये रूम करून राहणाऱ्या पोरापोरींचा दिवस कधीकधी एकाच प्रश्नावर अडतो: "आज नळ येणार का?" शहराच्या बऱ्याच भागांत आठवडाभरानं पाणी येतं. त्या दिवशी कुणाचं तरी लेक्चर बुडतंच. गंमत बघा, शेजारीच हर्सूल तलाव. जुन्या शहरातल्या काही वस्त्यांना त्याचं पाणी आजही जातं. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते हेच.

आणि हाच भाग एके काळी शहराची तहान भागवायचा. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी शहर वसवलं, तेव्हा हर्सूल-सावंगीकडच्या डोंगरपायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीनं गावात आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. आता पाणी पैठणच्या जायकवाडीतून पन्नासेक किलोमीटर चढवून आणावं लागतं. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. तिचा खर्च पुढे वाढला आणि वाट पाहणंही वाढलं.

त्यामुळे "पाणी जपून वापरा" हे आठवड्यातून एकदा पाणी मिळणाऱ्याला सांगणं आम्हाला थोडं चावट वाटतं. बादलीभर पाण्यात अंघोळ, त्याच पाण्यात फरशी, हे त्याला कुणी शिकवायला नको.

पण एक सवय मात्र आपली आहे. नळ आला की आधीचं साठवलेलं 'शिळं' म्हणून गटारीत ओततो. पाणी असं शिळं होत नसतं. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातलं पाणी सातव्या दिवशीही धुण्याभांड्याला, संडासाला, झाडांना चालतं. टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायचीच, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. पण आतलं पाणी आधी वापरून संपवा की! दुसरं, अनेक नळांना तोटीच नसते. टाकी भरली की पाणी थेट रस्त्यावर, आणि गल्लीच्या टोकाच्या घरात करंगळीएवढी धार.

खरी काळजी वेगळीच आहे. सहा दिवस रिकाम्या राहिलेल्या पाइपात फटींतून आजूबाजूची घाण शिरते. म्हणून पहिली काही मिनिटं येणारं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीनही हळूहळू उडून जातं, तेव्हा पिण्याचं पाणी उकळलेलं बरं. थंडगार जार म्हणजे शुद्ध पाणी, असं समजू नका. टीडीएस मीटरवर तर अजिबात विसंबू नका. तो क्षार मोजतो, जंतू नाही. घरात आरओ असेल तर त्याच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरा.

ओटी टेस्ट ठाऊक आहे? पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे; पिवळं झालं तर क्लोरीन आहे. केमिस्ट्रीच्या पोरांना दहा मिनिटांचं काम. एनएसएसच्या एका गटानं नळ आलेल्या दिवशी हर्सूलच्या दहा गल्ल्यांत ही टेस्ट करावी. कुठे रंग आला, कुठे नाही, तारीख-वेळेसह कागदावर मांडून वॉर्ड ऑफिसात द्यावं आणि पोच घ्यावी. सोबत दोनच मागण्या: पाण्याचं वेळापत्रक आणि तपासणीचा निकाल, दोन्ही चौकात फळ्यावर लावा. "पाणी कमी येतं" ही तक्रार रोजचीच, ती ऐकून सोडून देता येते. गल्लीवार नोंदीला मात्र उत्तर द्यावं लागतं.