जाळे नको, वही घ्या!

विद्यार्थी मित्रांनो, मे महिन्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला जाणार असाल, तर फुलपाखरांचे जाळे घरीच ठेवा. वही-पेन्सिल मात्र विसरू नका. पकडलेले फुलपाखरू पंखांचे रंग दाखविते, वागणे दाखवीत नाही.

ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर फुलपाखरांचा घोळका दिसला, तर थोडे लांब थांबून पाहा. सोंडेने ती चिखलातील क्षार शोषीत असतात. त्यांत बहुतेक नरच असतात. मीलनाच्या वेळी हे क्षार मादीला मिळतात व अंड्यांच्या उपयोगी पडतात. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेले 'नीलवंत'ही त्यांत दिसू शकेल.

पक्ष्यांचेही तसेच. पहाटे झाडीतून माणसासारखी शीळ ऐकू आली, तर तो शीळकरी कस्तूर असेल. पावसाळा जवळ आला की त्याचे गाणे वाढते.

नाव ओळखता आले नाही तरी बिघडत नाही. तारीख, वेळ, जागा आणि प्राणी काय करीत होता, एवढे लिहा. नाव पुढे पुस्तकात सापडते. न टिपलेली तारीख पुन्हा मिळत नाही.

शिक्षकांनी जूनमध्ये या वह्या वर्गात वाचून घ्याव्यात व जपून ठेवाव्यात. एकाच जागेच्या दहा वर्षांच्या नोंदी म्हणजे खरे विज्ञानच!