एका विहिरीवर दोन मोटा



आज आधी माझीच एक चूक तुम्हांला सांगतो. गुरुजींची चूक म्हटल्यावर तुम्ही कान टवकारणार, हे मला ठाऊक आहे!

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात आमचं बोरी गाव. इथल्या माझ्या वर्गात एक मुलगी आहे, मोठी चौकस. सोयाबीनचे पैसे हाती आले तेव्हा तिच्या वडिलांनी मोठ्या भावाच्या अभ्यासासाठी परभणीहून एक वापरलेला लॅपटॉप आणला. पावतीवर लिहिलं होतं, रॅम ४ जीबी. पण या पोरीने लॅपटॉपची माहिती उघडून पाहिली, तर तिथे ४ जीबीच्या पुढे लिहिलेलं, वापरण्याजोगी ३.४ जीबी. दुसऱ्या दिवशी वही घेऊन टेबलाशी हजर. "सर, दुकानदारानं मापात पाप केलं का हो?"

मी घाईत होतो. "तसंच दिसतंय," असं म्हणून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील मला एसटीच्या थांब्यावर दिसले. पिशवीत लॅपटॉप. म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना सर, फसवलं म्हणून? जातो अन् बघतोच त्याच्याकडं." माझ्या पोटात गोळा आला. माझ्या एका शब्दावर हा माणूस शेतातलं काम सोडून भांडायला निघाला होता, आणि मी तर काहीच तपासलं नव्हतं! हात जोडून म्हणालो, "आजचा दिवस थांबा. संध्याकाळी मी घरी येतो."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी अभ्यास केला, बरं का! काय कळलं ते ऐका.

संगणकात प्रोसेसर नावाचा भाग असतो. तो हिशोब करतो, हुकूम पाळतो. आणि चित्र तयार करणारा एक वेगळा भाग असतो, त्याला ग्राफिक्स म्हणतात. पडद्यावरचं अक्षर, फोटो, गोष्टीचा व्हिडिओ, सगळं तोच रंगवतो. काम करताना दोघांनाही कच्ची वही लागते. ही कच्ची वही म्हणजे मेमरी, म्हणजेच रॅम.

चित्राला अशी किती जागा लागत असेल? चला, गुणाकार करू. लॅपटॉपच्या नेहमीच्या लहान पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे १०,४९,०८८ ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला ४ बाइट लागतात. एक बाइट म्हणजे इंग्रजीतलं एक अक्षर मावेल एवढी जागा. म्हणजे एका चित्राला झाले ४१,९६,३५२ बाइट, साधारण ४ एमबी. एवढंच? थांबा! पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो. म्हणजे दर सेकंदाला २५ कोटींहून जास्त बाइट मेमरीतून वाचावे लागतात. तुम्ही नुसते पडद्याकडे बघत बसलात तरीही! खेळ खेळायचा असेल तर झाडं, गाड्या, भिंती यांची चित्रंही हाताशी ठेवावी लागतात. मग जागा कितीतरी पटींनी वाढते.

महागड्या संगणकात ग्राफिक्सचं वेगळं कार्ड असतं आणि त्याच्यावर त्याची स्वतःची मेमरी असते. पण त्याला पैसे पडतात, वीजही जास्त लागते. मग कंपन्यांनी युक्ती काढली. इंटेल कंपनीने १९९९ साली ८१० नावाचा चिपसेट आणला. त्यात चित्राचं काम बोर्डावरच्या चिपमध्येच होई आणि त्यासाठी जागा मुख्य मेमरीतून घेतली जाई. वेगळं कार्ड वाचलं, संगणक स्वस्त झाला. आज बहुतेक साध्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात असतं आणि ते मुख्य मेमरीतच वाटा घेतं.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी हे सगळं सांगितलं. लॅपटॉपमध्ये 'टास्क मॅनेजर' उघडून दाखवला. त्यात मेमरीच्या पानावर 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' अशी एक ओळ असते. तिथे आपले हरवलेले सहाशे एमबी सापडले! त्यातले ५१२ एमबी चित्रासाठी राखीव होते, बाकीचे यंत्राच्या इतर कामांसाठी. वडील जरा वेळ गप्प बसले. मग हसून म्हणाले, "म्हणजे आमच्या सामाईक विहिरीवानी झालं की सर हे!"

मी बघतच राहिलो. दिवसभर जे मला नीट सांगता येत नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

खरंच, मुलांनो, विचार करा. विहीर एक, भाऊ दोन. पूर्वी मोटा होत्या, आता मोटारी आहेत. धाकट्याचं थोडं पाणी कायमचं राखून ठेवलेलं. ते थोरल्याला दिसतं, पण घेता येत नाही. हेच आपले ५१२ एमबी. संगणक सुरू होतानाच ते बाजूला काढले जातात. उरलेलं पाणी सामाईक. धाकट्याला गरज पडली तर तो त्यातूनही घेतो आणि काम झालं की परत मोकळं करतो. विंडोज साधारणपणे एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत जागा अशी चित्राला देऊ शकते. पण ती अडकून पडत नाही, लागेल तेवढीच आणि लागेल तेव्हाच.

आता दोन्ही मोटारी एकदम सुरू केल्या तर? दोघांचीही धार बारीक होते. संगणकाचंही तसंच आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच वाटेने मेमरीकडे जातात, म्हणून मोठा खेळ लावला की सगळंच रखडतं. इथे एक उपाय असतो. दोन खाचा असतील तर ८ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ४-४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या लावाव्यात. पाणी तेवढंच, पण वाटा दोन होतात.

काही ठिकाणी मात्र स्वतःचीच विहीर लागते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. तिच्या ३० तबकड्या आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची! आकाशातून येणाऱ्या लहरींचा प्रचंड हिशोब करायला तिथे ग्राफिक्स कार्डं वापरतात. चित्रं काढायला नव्हे, गणितं करायला! पण वेगळ्या कार्डाचीही एक अडचण असते. मुख्य मेमरीतली माहिती आधी कार्डाच्या मेमरीत वाहून न्यावी लागते. सामाईक विहिरीत ही ने-आण वाचवता येते. म्हणूनच ॲपल कंपनीने २०२० साली आपल्या नव्या संगणकांत मुद्दाम एकच मेमरी ठेवली, पण तिच्याकडे जाणारी वाट चांगली रुंद केली. म्हणजे वाटून घेणं हे काही गरिबीचंच लक्षण नाही, खरं ना?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "परवा मी न तपासता उत्तर दिलं. दुकानदाराने फसवलं नव्हतं. चूक माझी होती." पोरं क्षणभर गप्प. मग तीच मुलगी उभी राहून म्हणाली, "पण सर, त्यांनी विकताना सांगायला पाहिजे होतं ना?" तिचंही खरंच होतं!

आता तुमच्यासाठी गृहपाठ. काही पडद्यांवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. त्यांच्या एका चित्राला किती बाइट लागतील? आणि सेकंदाला ६० चित्रांना किती? उत्तर वहीत लिहून ठेवा, पुढच्या आठवड्यात पडताळून पाहू. आईबाबांनाही विचारा. आणि त्यांना आलं नाही तर हसू नका हं. त्यांच्याकडे एखादी विहीर निघेल!

तुमचा,
सर