अवघड जागेचे दुखणे

'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. ज्याचे दुखते त्याला मात्र हसू येत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतला एक तरुण रात्री साडेनऊला आमच्या पडवीत येऊन बसला. ट्रॉलरवर खलाशी; एक जूनला मासेमारी बंद झाली म्हणून घरी आलेला. अर्धा तास पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग मान खाली घालून म्हणाला, "अण्णानु, ह्या कोणाक सांगू नकात. जांगेत खाज सुटली हा, रात्री झोप लागना नाय. आता बायकोक पण झाला. ती इचारता, ह्या खयसून आणलंस?"

त्या शेवटच्या प्रश्नानेच घर मोडायला आले होते. वहिनींनी माहेरी जायची पिशवी भरून ठेवली होती. बंदरात फिरणारा नवरा आणि लाजेच्या जागेचा रोग, म्हणजे दुसरे काय, असे शेजारणींनीही त्यांच्या मनात भरवले होते.

दोघांना घेऊन आम्ही ओरोसला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कातडीचा थोडा भुसा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निघाला नायटा, म्हणजे आपले गजकर्ण. ही एक बुरशी. घाम आणि ओल यांवर ती वाढते आणि टॉवेल, चादर, आतले कपडे यांतून घरभर फिरते. होडीवर चौघांत एकच पंचा होता आणि घरी आल्यावर तोच पंचा नवरा-बायको वापरत होते. डॉक्टरांनी हे समजावून सांगितल्यावर वहिनी प्रथमच नवऱ्याकडे बघून बोलल्या.

खरी गडबड दुसरीकडेच होती. सहा महिने हा गडी दुकानातून एक ट्यूब आणून लावत होता. दोन दिवसांत खाज बंद, आठवड्याने दुप्पट! आम्ही त्याला काय बोलणार? मागे आम्हीही हेच केले आहे. कचेरीत रेक्झिनच्या खुर्चीवर दिवसभर बसून जांघ उकडली, म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब आम्ही दीड वर्ष लावली. बीकॉम झालो, पण ट्यूबवरची बारीक अक्षरे कधी वाचली नाहीत. जांघेत फाटल्यासारखे पांढरे पट्टे पडले ते आजही आहेत, जाणार नाहीत.

अशा मिश्र ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोलसारखे जहाल स्टिरॉइड असते. त्याने लाली आणि खाज दबते, बुरशी मरत नाही, उलट पसरते. कातडी पातळ होते. त्यातही ही जागा फार नाजूक. हाताच्या कातडीतून जेवढे स्टिरॉइड अंगात जाते त्याच्या सुमारे ४० पट अंडकोशाच्या कातडीतून जाते, असे १९६७ सालीच अमेरिकेत मोजले गेले आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यात आपल्या देशात टर्बिनाफीन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारा नायटा पसरला आहे. त्या बुरशीला २०२० साली जपानी संशोधकांनी 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नावही दिले. म्हणून आता आठ दिवसांच्या मलमाने भागत नाही. गोळ्या लागतात, कधी कधी दोन-दोन महिने. खाज थांबली म्हणून मध्येच औषध सोडणे म्हणजे पैसे समुद्रात टाकणे.

मात्र प्रत्येक खाज नायट्याची नसते. लिंगाच्या टोकाला लाली, पांढरा थर, वरच्या कातडीला चिरा असे वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. पुष्कळांना आपला मधुमेह याच वाटेने कळतो. मधुमेहाची काही नवी औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांनीही असे होते. तसे असेल तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत फोड आहेत, पोरेही खाजवत आहेत, तर ती खरूज. तिचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, मानेपासून पायापर्यंत लावायचे. काहींना तर डेटॉल नि कडक साबणानेच आग होते. ही जागा साध्या पाण्याने धुवावी. वरची कातडी मागे घेऊन धुवून, कोरडी करून पुन्हा पुढे आणावी. ती मागे अडकून सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जखम, पाण्याचे फोड किंवा पू असेल तर तो संसर्ग संबंधातून आलेला असू शकतो. त्यासाठी जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असते, औषध फुकट मिळते, नाव गुप्त राहते. बरी न होणारी गाठ वा जखम लपवू नये. मधुमेह्याला तापासह तिथे सूज आणि जोराची वेदना असेल तर एक रात्रही थांबू नये.

आपल्या किनाऱ्यावर पावसात कपडे वाळत नाहीत, हीच मोठी अडचण. ओलसर चड्डी तशीच घालू नका, इस्त्री फिरवा. शिवणीवर आणि इलॅस्टिकवर जरा जास्त. नायलॉनपेक्षा सैल सुती बरी. समुद्रावरून आल्यावर खारे अंग गोड्या पाण्याने धुवा, मीठ सुकले की ते कातडीला कातरते. कमरेचा काळा करदोटा काही घरांत अजून आहे. तो सदा ओला राहतो आणि बुरशी जपतो, काढून टाकलेला बरा.

एक ऑगस्टला होड्या पुन्हा उतरल्या. तेव्हा दोघांच्याही गोळ्या चालू होत्या, पण चट्टे फिकट झाले होते. तो जाताना पिशवी दाखवायला आला. आत दोन नवे पंचे होते आणि दोन्हींच्या कोपऱ्यावर वहिनींनी लाल दोऱ्याने खूण शिवली होती.